झेडएक्स स्पेक्ट्रम: एकेकटं चालतं, दोन जोडली की बिघडतं

झेडएक्स स्पेक्ट्रम हा सिंक्लेअर कंपनीचा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक. त्याच्या मागे जॉयस्टिकचा इंटरफेस (काठी जोडायचा डबा) एकटा लावला की झकास चालतो. माउस एकटा लावला तरी चालतो. दोन्ही एकामागे एक लावले की बाण आपोआप कोपऱ्यात पळतो, खेळातला माणूस भिंतीला धडका देत राहतो, नाहीतर मशीन मध्येच अडकतं. मेमरी कार्डाच्या बोर्डामागे जुना प्रिंटर लावला की प्रिंटरची मोटर न सांगता फिरते आणि फाइली अर्धवट उघडतात. १९८२ च्या स्पेक्ट्रमपासून १९८७ च्या +३ पर्यंत सगळ्या मॉडेलांवर ही तक्रार पुन्हापुन्हा येते. भारतात परवान्याखाली निघालेल्या डीबी स्पेक्ट्रम+ वर तीच, आणि विलायतेहून कुणी आणलेल्या मशीनवरही तीच. बहुतेक वेळा यात कुठलंच उपकरण बिघडलेलं नसतं. दोघं एकाच हाकेला ओ देत असतात, एवढंच. पण तिथवर पोचण्याआधी दोन साध्या गोष्टी तपासून बाजूला काढाव्या लागतात: कनेक्टर आणि वीज.

त्याही आधी एक नियम, यात सवलत नाही. मशीन चालू असताना मागच्या कनेक्टरला काहीही लावायचं नाही, काढायचं नाही, हलवायचंही नाही. स्पेक्ट्रमला स्वतःचं बटण नाही, त्यामुळे वीज बंद म्हणजे पॉवरची पिन मशीनमधून उपसून काढलेली. हा नियम मोडल्यावर काय होतं ते शेवटी आहे.

आधी उघडं मशीन

मागचं सगळं काढा आणि नुसतं मशीन चालू करा. सिंक्लेअरची स्वत्वहक्काची ओळ आली की हे टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. ४८ के मशीनवर ६५५३५ यायला हवेत, १६ के वर ३२७६७. आकडा कमी आला तर मेमरीचं दुखणं आहे. ते आधी बरं करा, नाहीतर पुढची प्रत्येक चाचणी फसवेल. निदान पंधरा मिनिटं मशीन तसंच चालू ठेवा. गरम झाल्यावर उद्भवणारा दोष थंड मशीनवर दिसत नाही.

कनेक्टर

स्पेक्ट्रमच्या मागे वेगळा सॉकेट नाही. बोर्डाची कडाच कनेक्टर आहे. दोन्ही बाजूंना २.५४ मिलिमीटर अंतरावर २८ जागा, त्यातली ५ वी जागा कापलेली खाच. खाचेच्या जवळचं टोक म्हणजे क्रमांक १. पुढे सगळीकडे सुट्या भागांची बाजू म्हणजे 'वर' आणि सोल्डरची बाजू म्हणजे 'खाली' असं धरलं आहे.

उपकरणाच्या कनेक्टरमध्ये ५ व्या जागी प्लास्टिकची पट्टी असायलाच हवी. ती नसेल किंवा तुटली असेल तर कनेक्टर एक घर सरकून बसू शकतो, आणि त्यातून होणारं नुकसान फार मोठं आहे. खाली ३ वर ५ व्होल्ट आहेत, खाली ४ वर ९ व्होल्ट, खाली ६ आणि ७ दोन्ही शून्य. उपकरणाची ३ नंबरची पट्टी मशीनच्या ४ वर बसली तर त्याच्या ५ व्होल्टच्या चिपांना थेट ९ व्होल्ट मिळतात. शिवाय ६ सरकून ७ वर गेली तरी तिथे शून्यच असल्याने सर्किट पुरं होतं आणि चिपा जळतात. त्याच वेळी उपकरणाची ७ नंबरची शून्याची पट्टी मशीनच्या ८ वर, म्हणजे घड्याळाच्या लहरीवर पडते. पट्टी हरवली असेल तर जुन्या फोनच्या कार्डाचा किंवा कडक प्लास्टिकचा तुकडा कापून त्या जागी बसवा आणि इपॉक्सीने पक्का करा. हे दहा मिनिटांचं काम आहे. ते होईपर्यंत ते उपकरण लावू नका.

साफसफाईला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट नसलेलं कापड पुरतं. काळपट थर बसला असेल तर मऊ पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवा, मग भुगा अल्कोहोलने पुसून काढा. सँडपेपर लावू नका. पट्ट्यांवरचा मुलामा पातळ असतो. तो गेला की खालचं तांबं उघडं पडतं आणि कोकण-गोव्याच्या किंवा मुंबईच्या दमट हवेत एका पावसाळ्यात हिरवं होतं. उपकरणाच्या कनेक्टरमधल्या स्प्रिंगा भिंगातून बघा. एखादी आत दबलेली दिसली तर शिवणकामाच्या सुईने अलगद पुढे ओढा.

स्पेक्ट्रम+ आणि डीबी स्पेक्ट्रम+ चा बोर्ड ४८ के चाच आहे, पण डबा वेगळा आहे. रबरी किबोर्डाच्या मशीनसाठी बनवलेल्या काही उपकरणांचं कवच या डब्याच्या मागच्या कडेला टेकतं आणि कनेक्टर दीड-दोन मिलिमीटर बाहेरच राहतो. वरून बघितलं तर नीट बसल्यासारखंच वाटतं. टेबल हललं की मशीन रिसेट होत असेल तर पहिला संशय याच्यावर घ्या. मागचे पाय उघडले असतील तर उपकरण अधांतरी लोंबतं, त्याच्या खाली काहीतरी टेकू द्या.

वीज

४८ के चा मूळ पुरवठा ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर, आणि पिनचं मधलं टोक उणे. आजच्या बाजारातले बहुतेक अडॅप्टर मध्ये धन असतात. उलट टोकाचा लावला तर मशीन जातं. गिटारच्या पेडलचे अडॅप्टर ९ व्होल्ट आणि मध्ये उणे असतात, पण त्यातले बरेच जेमतेम काही शे मिलिअँपिअरचे असतात. वरचा आकडा वाचूनच घ्या. ९ व्होल्ट, मध्ये उणे, २ अँपिअर आणि नियंत्रित आउटपुट असा घेतलात की हा प्रश्न मिटला. अँपिअरचा आकडा जास्त असल्याने काही बिघडत नाही.

मागच्या कनेक्टरवरचे ५ व्होल्ट मशीनमधल्या ७८०५ रेग्युलेटरमधूनच येतात. लावलेलं प्रत्येक उपकरण त्याच ७८०५ चं ओझं वाढवतं. त्याची उष्णता म्हणजे आत येणाऱ्या व्होल्टमधून ५ वजा करून प्रवाहाने गुणलेली संख्या. १० व्होल्ट आत येत असतील आणि ०.८ अँपिअर जात असेल तर ४ वॉट. मिळून आणखी ०.२ अँपिअर खाणारी दोन उपकरणं लावली की ५ वॉट. डब्यातली ती पत्र्याची पट्टी एवढी उष्णता कशीबशी सोसते.

दुसरा दोष याहून फसवा आहे. जुन्या मूळ अडॅप्टरचा कपॅसिटर थकला की ओझ्याखाली त्याचं आउटपुट सेकंदाला १०० वेळा खाली येतं. ७८०५ ला आत किमान ७ व्होल्ट लागतात. त्या खोल क्षणी ७ च्या खाली गेलं की ५ व्होल्टच्या ओळीतही तेवढाच खड्डा पडतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, त्यामुळे आकडा ठीक दिसतो आणि मशीन मात्र अडकतं. टीव्हीवर आडवे पट्टे हळूहळू वर सरकताना दिसले तर हेच कारण समजा.

मोजायचं ते सगळी उपकरणं लावलेली असताना: खाली ३ आणि खाली ६ यांच्यामध्ये ४.७५ ते ५.२५ व्होल्ट. टोकं लावताना मशीन बंद, वाचताना चालू. मल्टिमीटरची टोकदार सळई घसरून शेजारच्या ४ ला टेकली तर ५ च्या ओळीत ९ व्होल्ट जातील, म्हणून रिकाम्या एज कनेक्टरला दोन वायरी सोल्डर करून ठेवलेल्या बऱ्या. ७८०५ च्या जागी त्याच तीन पायांचा स्विचिंग रेग्युलेटर बसवला तर उष्णतेचा प्रश्न जवळजवळ संपतो. तीनपेक्षा जास्त उपकरणं लावायची असतील तर हा बदल कराच.

खरं दुखणं: अर्धा पत्ता

झेड८० प्रोसेसर बाहेरच्या उपकरणाशी बोलताना पत्त्याच्या १६ ओळींवर (ए० ते ए१५) पोर्टचा, म्हणजे त्या उपकरणाच्या दाराचा, क्रमांक ठेवतो. उपकरणाने सगळा पत्ता वाचून मगच उत्तर द्यायला हवं. पण १९८२ साली एकेक चिप महाग होती. सिंक्लेअरने स्वतःच पायंडा पाडला: एक ओळ, एक उपकरण. ए० शून्य असेल तर यूएलए (पडदा आणि किबोर्ड सांभाळणारी मशीनमधली चिप) उत्तर देणार, ए२ शून्य असेल तर प्रिंटर, ए३ किंवा ए४ शून्य असतील तर इंटरफेस १ (सिंक्लेअरचा मायक्रोड्राइव्ह जोडायचा डबा). बाकी ओळींवर काय आहे हे कुणी बघत नाही. केम्पस्टन कंपनीने जॉयस्टिकसाठी ए५ घेतली. पुढे आलेल्यांना मोकळी ओळ उरलीच नाही, म्हणून ते याच ओळींच्या जोड्या वापरू लागले आणि तिथून टक्कर सुरू झाली.

नेहमी लागणारे पोर्ट:

यूएलए २५४.
झेडएक्स प्रिंटर २५१.
इंटरफेस १: २३१, २३९, २४७.
केम्पस्टन जॉयस्टिक ३१.
केम्पस्टन माउस: आडवा ६४४७९, उभा ६५५०३, बटणं ६४२२३.
फुलर बॉक्सचा आवाज: ६३ आणि ९५.
डिव्हएमएमसी (मेमरी कार्डाचा बोर्ड): २२७, २३१, २३५.

आता माउसचे तिन्ही आकडे दुहेरी पद्धतीत मांडा. तिघांच्याही खालच्या ८ ओळी सारख्याच निघतात: २२३, म्हणजे ११०१११११. डावीकडून तिसरा अंक म्हणजे ए५, आणि तो शून्य आहे. नुसती ए५ बघणारा जॉयस्टिकचा इंटरफेस माउसच्या प्रत्येक वाचनालाही उत्तर देतो. दोन चिपा एकाच तारेवर वेगवेगळं बोलतात. अशा वेळी बहुधा शून्य म्हणणारी चिप जिंकते, कारण जुन्या टीटीएल चिपा तार खाली खेचायला ताकदवान आणि वर उचलायला अशक्त असतात. जॉयस्टिक सोडलेली असताना शून्यच देते, म्हणून माउसचा आकडा चिरडला जातो आणि बाण कोपऱ्याकडे पळतो.

उलट बाजूनेही हे होतं. माउसच्या बोर्डाने ए७ तपासली नसेल तर तो ३१ ला उत्तर देतो. म्हणून चाचणी दोन्हीकडून घ्या.

फक्त जॉयस्टिक लावा. दहाव्या ओळीवर 'प्रिंट ॲट ०,०; इन ३१' लिहून त्याच ओळीवर परत जाणारा गो टू द्या. काठी सोडलेली असताना ० दिसायला हवा. उजवीकडे १, डावीकडे २, खाली ४, वर ८, बटण १६. ० ऐवजी २२४ किंवा तसाच काही मोठा आकडा आला तर वरचे तीन बिट इंटरफेस चालवतच नाही, ते अधांतरी आहेत. काही खेळ पूर्ण बाइट तपासतात, ते अशा इंटरफेसवर चालणार नाहीत. आता ३१ च्या जागी २२३ लिहून तेच चालवा. काठी हलवल्यावर आकडा बदलला तर तुमचा इंटरफेस नुसती ए५ बघणारा आहे.

मग जॉयस्टिक काढून फक्त माउस लावा, ३१ वाचा आणि माउसची बटणं दाबा. आकडा बदलला तर दोष माउसच्या बोर्डात आहे.

दोन्ही काढले तर ३१ वर बहुतेक २५५ येतात. २५५ म्हणजे सगळे बिट १, म्हणजे चारही दिशा आणि बटण एकदम दाबलेलं. इंटरफेस नसताना खेळात केम्पस्टन निवडलं की माणूस स्वतःहून नाचतो, तो यामुळे. ४८ के वर त्या क्षणी यूएलए पडद्याचा जो बाइट उचलत असतो तोही मधूनच वाचनात येतो. जॉयस्टिक आहे की नाही हे खेळाने स्वतः ठरवायचा प्रयत्न केला तर तो इथेच फसतो. हा हार्डवेअरचा दोष नाही. किबोर्ड निवडा.

दुरुस्ती: एक चिप, दोन गेट

नुसती ए५ बघणाऱ्या इंटरफेसला ए५, ए६ आणि ए७ तिन्ही शून्य असतील तरच बोल, असं शिकवायचं. सामान: ७४एचसीटी३२ एक, १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर एक, १४ पायांचा सॉकेट, बारीक वायर. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर हे सगळं मिळतं.

एचसीटी का, ७४एलएस३२ का नाही? जुन्या एनमॉस झेड८० ची एक ओळ १.८ मिलिअँपिअर खेचू शकते. एलएस चिपचं प्रत्येक इनपुट सुमारे ०.४ घेतं, म्हणजे चार इनपुटांत ताकद संपली. मशीनच्या आत काही आधीच लटकलेली आहेत. अगदी जुनी, मधल्या अक्षरांशिवायची ७४ मालिका एका इनपुटाला १.६ घेते. तशा चिपांचे दोन डबे लावले तर पत्ते ढासळायला लागतात, आणि प्रत्येक डबा वेगळा लावला तर ठणठणीत असतो. एचसीटीचं इनपुट जवळजवळ काहीच घेत नाही आणि टीटीएलच्या पातळ्या ओळखते. साधी एचसी नको, तिला १ ओळखायला जास्त व्होल्ट लागतात.

इंटरफेसच्या बोर्डावर खाली २३ पासून निघणारा ट्रॅक शोधा. ती ए५. चिपपर्यंत जायच्या आत तो एकाच जागी कापा. खाली २२ म्हणजे ए६, खाली २१ म्हणजे ए७. या जागांवर पट्टीच नसेल (स्वस्त इंटरफेसमध्ये नसते) तर कनेक्टरच्या पायाला वायर लावा.

जोडणी अशी: ए५ पाय १ ला, ए६ पाय २ ला. पाय ३ वरून पाय ४ ला वायर. ए७ पाय ५ ला. पाय ६ वरून वायर कापलेल्या ट्रॅकच्या चिपकडच्या टोकाला. पाय १४ ला ५ व्होल्ट, पाय ७ ला शून्य, आणि त्या दोघांमध्ये कपॅसिटर चिपला चिकटून. उरलेली इनपुट ९, १०, १२, १३ शून्याला जोडा, अधांतरी ठेवू नका. पाय ८ आणि ११ मोकळे.

नंतर इन ३१ पूर्वीसारखंच हवं आणि इन २२३ वर काठीचा परिणाम दिसता कामा नये. फुलर बॉक्सच्या ९५ शी होणारी टक्करही याच बदलाने सुटते, कारण ९५ मध्ये ए६ एक असते.

इंटरफेस उघडलाच आहे तर आणखी एक गोष्ट बघा: वर १८ ची आरडी (वाचनाची खूण) ओळ इंटरफेसमध्ये जोडलेली आहे का. काही घरगुती बोर्डांवर नुसती वर १७ ची आयओआरक्यू (पोर्टशी बोलण्याची खूण) आणि ए५ घेतलेली दिसते. इंटरप्ट (चालू काम थांबवणारी हाक) स्वीकारताना झेड८० आयओआरक्यू खाली करतो, पण आरडी वरच ठेवतो. आरडी न बघणारा बोर्ड त्या क्षणीही डेटाच्या ओळींवर बोलतो, आणि तोही ए५ त्या वेळी योगायोगाने शून्य असेल तेव्हाच. इंटरप्टचा मोड २ वापरणारे खेळ त्या ओळींवर बहुधा २५५ असेल असं धरून चालतात. वेगळा आकडा आला की उडी चुकीच्या जागी पडते. जुन्या जाणत्या प्रोग्रामरांनी म्हणूनच एकाच आकड्याचा २५७ बाइटांचा तक्ता ठेवायची पद्धत पाडली. 'काही खेळ चालतात, काही दर दहा मिनिटांनी कोसळतात' अशी तक्रार असली तर हीच जागा तपासा.

प्रिंटर, कार्ड आणि इंटरफेस १

झेडएक्स प्रिंटर नुसती ए२ बघतो. कार्डाचे २२७ आणि २३५ दोन्ही लिहून बघा: १११०००११ आणि १११०१०११. दोन्हींत ए२ शून्य. २२७ वर कार्डाचा बोर्ड मेमरीची पानं उलटतो, तेव्हा प्रिंटरला वाटतं आपल्याला हुकूम आला आणि मोटर फिरते. २३५ वर कार्डातून बाइट वाचताना प्रिंटरही आपली स्थिती त्याच तारांवर ठेवतो, आणि फाइल खराब येते. प्रिंटरच्या आतली चिप खास त्याच्यासाठी बनवलेली आहे, तिच्यात हात घालू नका. कार्डातून प्रोग्राम चढवा, मशीन बंद करा आणि कॅसेटवरून प्रिंटरचं काम करा, किंवा मधल्या जोडपट्टीवर ए२ ची ओळ तोडणारा स्विच ठेवून प्रिंटरच्या बाजूची ए२ १ किलोओहमने ५ व्होल्टला ओढून ठेवा. स्विचही मशीन बंद असतानाच फिरवायचा.

इंटरफेस १ आणि कार्डाचा बोर्ड यांचं जमवायचा प्रयत्न सोडून द्या. २३१ दोघांचाही आहे. त्याहून वाईट म्हणजे प्रोसेसर ८ या पत्त्यावरची सूचना उचलतो तेव्हा दोघंही मूळ रॉम बंद करून आपापला रॉम पुढे करतात. इंटरफेस १ तेच ५८९६ वरही करतो. एका जागी दोन रॉम बोलले की उरतं ते नुसतं कचरा वाचन. गेट लावून हे सुटत नाही, कारण दोघंही ८ हाच पत्ता मुद्दाम निवडून बसलेले आहेत: बेसिकची प्रत्येक चूक तिथूनच जाते.

इंटरफेस २ बद्दल एवढंच: त्याच्या मागचा कनेक्टर पुरा नाही. प्रिंटरला लागतात तेवढ्याच ओळी त्यात आहेत. त्याच्या मागे दुसरं काही चालणार नाही. आरपार कनेक्टर नसलेला जॉयस्टिकचा इंटरफेस नेहमी सगळ्यात शेवटी. रिबन केबलने जोडत असाल तर लांबी १५ सेंटिमीटरच्या आत ठेवा.

मॉडेल बदललं की

१२८ के आणि राखाडी +२ यांचा मागचा कनेक्टर ४८ के च्या खूप जवळचा आहे, बहुतेक जुनी उपकरणं चालतात. काळं +२ए आणि +३ मात्र वेगळंच घराणं आहे, आणि दिसायला सारखं असल्यामुळे इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात.

४८ के वर खाली २५ ही आरओएमसीएस ओळ. उपकरणाने ती वर ओढली की आतला रॉम गप्प बसतो. +२ए आणि +३ वर ही जागा रिकामी आहे. तिथे दोन रॉम चिपा आहेत आणि त्यांच्या ओळी वर ४ आणि खाली १५ वर आणल्या आहेत. म्हणजे तुमचं उपकरण रॉम बंद करायला रिकाम्या पट्टीवर हाका मारत राहतं, आणि मशीन नेहमीसारखं सुरू होतं, जणू मागे काही लावलेलंच नाही. खाली १३ ची आयओआरक्यूजीई नाही. खाली ४ वर ९ व्होल्ट नाहीत, त्यामुळे तिथून आपले ५ व्होल्ट बनवणारी उपकरणं मेलेलीच दिसतात. ४८ के वर जिथे चित्राच्या ओळी होत्या त्या खाली १६, १७, १८ वर इथे डिस्कच्या ओळी आहेत.

मधल्या जोडपट्टीत दोन १एन४१४८ डायोड घातले की रॉमचा प्रश्न सुटतो. दोन्हींचं ॲनोड उपकरणाच्या बाजूच्या खाली २५ ला, एकाचं कॅथोड मशीनच्या वर ४ ला, दुसऱ्याचं मशीनच्या खाली १५ ला. काळी पट्टी कॅथोडकडे. उपकरणाच्या बाजूचे खाली १५ ते १८ तोडून टाका. पण रॉम बंद होणं पुरेसं नाही. +३ मध्ये १६ के चे चार रॉम आलटून पालटून येतात आणि ४८ के चा बेसिक त्यातला फक्त एक आहे. ८ पत्त्यावर टपून बसणाऱ्या उपकरणाला कुठला रॉम समोर आहे हे कळायला हवं. नव्या कार्ड बोर्डांवर यासाठी जंपर असतो, तो +३ च्या जागी हलवा. इंटरफेस १ इथे चालणार नाही. मल्टिफेसची (चालू प्रोग्राम मध्येच थांबवून साठवणारा डबा) तर तीन वेगळी मॉडेलं निघाली: १ नंबरचं ४८ के साठी, १२८ नावाचं १२८ आणि राखाडी +२ साठी, ३ नंबरचं +२ए आणि +३ साठी. जुनं विकत घेताना डब्यावरचा आकडा वाचा.

राखाडी आणि काळ्या दोन्ही मशीनांच्या बाजूला जॉयस्टिकचे दोन सॉकेट आहेत. आकार नेहमीच्या ९ पिनांचा, जोडणी मात्र निराळी. साधी अटारी पद्धतीची काठी थेट लावली तर नीट चालत नाही. रूपांतर असं (डावीकडे काठीचा पाय, उजवीकडे मशीनचा): वर १–५, खाली २–९, डावी ३–७, उजवी ४–६, बटण ६–४, सामाईक ८–२. या सॉकेटवर ५ व्होल्ट नसतात, त्यामुळे आपोआप गोळ्या झाडणाऱ्या काठीचं ते बटण मेलेलंच राहील.

चालू मशीनमध्ये उपकरण ओढलं गेलं असेल तर

१६ के, ४८ के आणि स्पेक्ट्रम+ मधल्या खालच्या १६ के मेमरीला ४११६ चिपा आहेत, आयसी६ ते आयसी१३. त्यांना ५, १२ आणि −५ असे तीन पुरवठे लागतात. १२ आणि −५ बोर्डावरचं छोटं कॉइल सर्किट बनवतं, आणि दोन्ही मागच्या कनेक्टरवर उघडे आलेले आहेत: वर २० ला −५, वर २२ ला १२. कनेक्टर तिरका निघताना त्यांची शेजारच्या ओळीशी क्षणभर गाठ पडली की टीआर४ जातो. हा झेडटीएक्स६५० ट्रान्झिस्टर आहे. तो गेला की −५ नाहीसे होतात, आणि −५ शिवाय चालू ठेवलेल्या ४११६ चिपा एकेक करून मरतात. पडदा पांढरा, रंगीत चौकटींचा किंवा उभ्या रेघांचा राहिला आणि स्वत्वहक्काची ओळ आली नाही तर लगेच बंद करा. 'पुन्हा एकदा लावून बघू' म्हणत चालू केलेलं प्रत्येक मिनिट एखादी मेमरी चिप घेऊन जातं.

डबा उघडून कुठल्याही ४११६ वर मोजा, काळं टोक पाय १६ ला: पाय १ वर −५, पाय ८ वर १२, पाय ९ वर ५. मोजणी दहा सेकंदांत उरका. ५ ठीक, १२ बरेच कमी आणि −५ शून्याजवळ असे आकडे आले तर टीआर४ बदला, आणि त्याच्याबरोबर टीआर५ (झेडटीएक्स२१३) सुद्धा, कारण एक गेला की दुसऱ्यालाही धक्का बसलेला असतो. कॉइलचे दोन्ही वेटोळे ओहमवर वाजतात का बघा आणि त्या भागातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर त्याच वेळी नवे घाला. तिन्ही आकडे परत आल्यावरच मेमरीकडे वळा. चालू केल्यावर एक-दोन मिनिटांत बोट लावून जी ४११६ इतरांपेक्षा स्पष्ट जास्त गरम लागते, तिच्यापासून बदलायला सुरुवात करा आणि तिथे सॉकेट बसवा.